नाळेचं रक्त आणि तुझी उडालेली झोप

अगं, आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. घाईघाईने पैसे भरू नकोस. नाळेचं रक्त साठवलं नाही म्हणून तुझ्या बाळाचं काही वाकडं होणार नाही, आणि तू आई म्हणून कुठेही कमी पडत नाहीस. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. नीट वाचून, डॉक्टरांना विचारून मग बोलतेय. आता पाठीला उशी लाव, पाय वर घे, आणि रक्त साठवणाऱ्या बँकेची ती चकचकीत पुस्तिका जरा बाजूला ठेव.

सातवा महिना लागला की या बँकांचे फोन सुरू होतात, तू काही एकटी नाहीस. सोनोग्राफीला नंबर लागायची वाट बघत बसलेलं असताना कुणीतरी गोड बोलून मोबाइल नंबर घेतं. मग फोन येतो, की मॅडम, अशी संधी आयुष्यात एकदाच येते, बाळासाठी एवढं तर कराल ना? समोर इस्पितळाचं डिपॉझिट, बाळंतविड्याची यादी, ऑफिसच्या रजेची कटकट, आणि त्यात हा सत्तर हजारांचा हप्त्याहप्त्याचा प्रश्न. रात्री झोप उडणारच गं. पण बघ, या प्रश्नाचं उत्तर तुला स्वतःला काढता येईल इतकं ते सोपं आहे. फक्त या पेशी काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे आधी समजून घे.

आपल्या अंगातल्या बहुतेक पेशींचं काम ठरलेलं असतं. कातडीची पेशी कातडीचीच राहते, रक्तातली तांबडी पेशी चारेक महिने प्राणवायू वाहून नेते आणि संपते. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, मात्र विरजणासारखी. थोडीशी घातली की भांडंभर दही लागतं, आणि त्यातलं चमचाभर बाजूला काढलं की उद्याचीही सोय होते. हाडांच्या आत मगज असतो ना, त्यात रक्ताच्या मूलपेशी असतात. त्या जन्मभर नवं रक्त बनवतात आणि स्वतःसारख्या आणखी मूलपेशीही तयार करतात. बाळ जन्मतं तेव्हा नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं, त्यातही याच पेशी असतात. पुस्तिकेतलं एवढं अगदी खरं आहे.

आणि त्यांनी जीव वाचतात हेही खरं आहे. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी पाच वर्षांच्या एका अमेरिकन मुलाला नाळेचं रक्त दिलं. त्याला फॅन्कोनी ॲनिमिया होता. या आजारात हाडांतला मगज हळूहळू रक्त बनवणंच सोडून देतो. जगात तोवर कुणाला हे असं जमलं नव्हतं. तो मुलगा बरा झाला, मोठा झाला. पण खरं सांगू का, या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द पुस्तिकेत बारीक अक्षरात असतो. ते रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं होतं. ती पोटात असतानाच तपासून पाहिलं होतं की तिला हा आजार नाही आणि तिच्या पेशी भावाशी जुळतात.

त्याचं स्वतःचं रक्त का चाललं नसतं, ते तुझ्या लगेच लक्षात येईल. विरजणच बिघडलेलं असेल तर त्याने लावलेलं दही कसं चांगलं होणार? थॅलेसेमिया, सिकल सेल, जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार, हे सगळे बाळाच्या जनुकातच असतात. म्हणजे नाळेतल्या रक्तातही तोच दोष असतो. लहान मुलांच्या ल्युकेमियाचंही पुष्कळदा असंच असतं. त्याची पहिली चूक जन्माआधीच काही पेशींत झालेली असते, म्हणून त्याच मुलाचं साठवलेलं रक्त परत द्यायला डॉक्टर धजत नाहीत. शिवाय दुसऱ्याच्या पेशी अंगात उरलेल्या कॅन्सरशी लढतात, स्वतःच्या पेशी तसं लढत नाहीत. आता पुस्तिका पुन्हा उघड. ‘ऐंशीहून जास्त आजारांवर उपयोगी’ असं लिहिलंय ना? ती यादी खोटी नाही. पण तिच्यातले बहुतेक आजार दुसऱ्या कुणाच्या तरी निरोगी पेशींनी बरे होतात, बाळाच्या स्वतःच्या नव्हे. आणि तुला विकतायत ते बाळाचं स्वतःचं रक्त.

मोठ्या माणसांच्या काही कॅन्सरमध्ये, मायलोमामध्ये वगैरे, रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशी वापरतात, हेही सांगून ठेवते. नाहीतर कुणीतरी तुला ते ऐकवेल आणि तू पुन्हा गोंधळशील. पण त्या पेशी उपचाराच्या वेळी त्याच माणसाच्या रक्तातून काढतात. त्यासाठी कुणी पन्नास वर्षांपूर्वीची नाळ जपून ठेवलेली नसते.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, यावर गुळमुळीत बोललेली नाही. २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यांनी साफ म्हटलंय की पुढे स्वतःला लागेल म्हणून नाळेचं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हेच मत दिलं. पहिल्या वीस वर्षांत स्वतःचं साठवलेलं रक्त वापरायची वेळ येण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक, अशी धरली जाते. या दोन आकड्यांत अंतर बरंच आहे, पण दोन्ही आकडे छोटेच आहेत. तो विक्रेता तुला म्हणेल, आमच्याकडे सरकारी परवाना आहे. असेल, असायलाच हवा. पण परवाना असतो तो रक्त नीट, स्वच्छ आणि योग्य तापमानात ठेवण्याबद्दल. ते तुझ्या बाळाच्या कामी येईल याची हमी त्यात कुठेही नसते. आणि नाळेचा तुकडा, वार, पडलेले दुधाचे दात, असलं काही ‘पॅकेज’मध्ये घालत असतील तर सरळ नाही म्हण. आयसीएमआरच्या त्याच सूचनांत नाळेच्या रक्ताशिवाय बाकी कशाच्याही व्यापारी साठवणुकीला परवानगी दिलेली नाही.

आता कुणी साठवावं, तेही सांगते. घरात आधीचं मूल असेल, त्याला मूलपेशींनी बरा होणारा आजार असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर जरूर साठवावं. त्यात एक दिवसाचाही उशीर करू नये. तिथे नाळेच्या त्या पिशवीची किंमत पैशात होत नाही.

हे मी इतकं ठासून का सांगते, तर आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. त्याच्याबरोबर मी रक्त चढवायच्या वॉर्डात बसलेय. दोन-तीन आठवडे झाले की पोराचा चेहरा पांढुरका पडतो, जिना चढताना धाप लागते, मग वहिनी समजतात की वेळ झाली. वॉर्डात सगळी मुलंच. एका हाताला सुई टोचलेली आणि दुसऱ्या हाताने गृहपाठ चाललेला. रक्ताची पिशवी फ्रिजातून आलेली म्हणून गार असते, ती जरा निवांत लावतात. त्या रक्तातून लोह साठत जातं, हृदयात आणि यकृतात बसतं, ते उतरवायला रोज गोळ्या. वहिनींना या मुलापाठची मुलगी झाली तेव्हा तिच्या पेशी भावाशी जुळतील अशी सगळ्यांना आशा होती. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक असते. नाही जुळल्या. त्या दिवशी वहिनी माझ्याकडे येऊन नुसत्या बसून राहिल्या होत्या. म्हणून सांगते, ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी हे तंत्र किती मोठं आहे ते मला ठाऊक आहे. मी त्याच्याविरुद्ध नाही. तुझ्या भीतीवर कुणी हप्ते लावावेत, याच्या मी विरुद्ध आहे.

आणि बघ, सत्तर हजारांपेक्षा शतपट उपयोगी गोष्ट काहीशे रुपयांत होते. तुझी फाइल काढ आणि त्यात एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट आहे का बघ. त्यात एचबी ए-टू नावाचा आकडा असतो. तू थॅलेसेमिया मायनर आहेस का, हे त्यावरून कळतं. मायनर म्हणजे फक्त वाहक, तो आजार नाही. कित्येक जणी आयुष्यभर ‘जरा रक्त कमी आहे’ एवढंच ऐकत हिंडतात. पण नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक. आपल्या महाराष्ट्रात सिंधी, लोहाणा, कच्छी समाजांत हे जास्त बोललं जातं, पण इतर समाजांतही सापडतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेलचं प्रमाण मोठं आहे, आणि एक जण थॅलेसेमियाचा वाहक नि दुसरा सिकल सेलचा, अशी जोडी झाली तरी मुलाला त्रास होऊ शकतो. तुझा रिपोर्ट ठीक असेल तर विषय संपला. नसेल, किंवा तपासणी झालेलीच नसेल, तर या आठवड्यात डॉक्टरांशी बोल आणि तुझ्या नवऱ्याचंही रक्त तपासून घे. घाबरू नकोस. वाहक निघालात तरी बाळ निरोगी असण्याचीच शक्यता जास्त, फक्त जन्मल्यावर त्याची तपासणी करायची आणि पुढच्या वेळी दोन-तीन महिन्यांतच डॉक्टरांना गाठायचं. तुझ्या जावेला अजून दिवस जायचेत ना? तिला आजच फोन कर. ही तपासणी लग्नाआधी किंवा दिवस जाण्याआधी झालेली सगळ्यात उत्तम.

दुसरी गोष्ट फुकट आहे. तुझ्या डॉक्टरबाईंना विचार, की बाळ जन्मल्यावर नाळ लगेच कापणार का थोडं थांबणार? जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळाला तातडीने श्वास द्यायची वेळ आलेली नसेल तर निदान एक मिनिट, शक्यतो तीन मिनिटांपर्यंत थांबावं. तेवढ्यात काय होतं ते ऐक. बाळ तुझ्याजवळ असतं, नाळ अजून ठोके देत असते, आणि वारेतलं साधारण ८० ते १०० मिली रक्त बाळाच्या अंगात येतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त किती, तर पाव लिटरच्या आसपास. म्हणजे हा केवढा मोठा वाटा झाला! त्यातलं लोह त्याला पुढचे कित्येक महिने पुरतं. आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ६७ टक्क्यांना रक्त कमी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ मध्ये आढळलं. त्या मुलांच्या आयांना हे कुणी सांगितलं होतं का, असा विचार माझ्या मनात येतो आणि चीड येते.

आता दोन्ही एकत्र ठेवून बघ. बँकेला पिशवी भरायची असते. नाळ कापली की तिच्यातल्या मोठ्या शिरेत सुई घालतात, रक्तदानासारख्याच पिशवीत रक्त उतरवतात, कुरिअरने प्रयोगशाळेत धाडतात, तिथे पेशी वेगळ्या करून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. पिशवीत पुरेसं रक्त यावं तर नाळ लवकर कापलेली बरी, आणि बाळाच्या अंगात रक्त जावं तर उशिरा. तेच रक्त दोन ठिकाणी कसं जाईल गं? थांबूनही थोडं मिळतं, पण पेशी मोजल्यावर त्या पुष्कळदा उपचाराला अपुऱ्या पडतात. कारण मूलपेशींचा डोस रुग्णाच्या वजनावर ठरतो, आणि मोठ्या माणसाला तर एका नाळेचं रक्त बऱ्याचदा पुरतही नाही. मला विचारशील तर त्या रक्तावर पहिला हक्क बाळाचा, आणि तोही आत्ताचा.

तू म्हणशील, ताई, पण पुढे विज्ञान कुठच्या कुठे जाईल, तेव्हा हे रक्त नाही म्हणून हळहळायला नको. ही तुझी शंका मला सगळ्यात शहाणी वाटली. विज्ञान पुढे जातंयच. पण ते कोणत्या वाटेने जातंय ते बघ. २००६ मध्ये जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या, मोठ्या झालेल्या पेशीत चार जनुकं घालून तिला पुन्हा मूलपेशीसारखं केलं. पुढच्याच वर्षी माणसाच्या कातडीच्या पेशींवर ते जमलं, आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे उद्या तुझ्या लेकराला स्वतःच्या मूलपेशी हव्याच असतील तर त्याच्या दंडातल्या रक्तापासून, कातडीच्या कणापासून त्या बनवता येतील. ती ‘आयुष्यात एकदाच’ची गोष्ट तिथेच ढिली पडते. क्योटोत अशा पेशींपासून मेंदूतल्या पेशी बनवून पार्किन्सनच्या सात रुग्णांना दिल्या, आणि २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सुरक्षित वाटतंय, काहींच्या हालचाली सुधारल्या. त्याच वर्षी टाइप वन मधुमेहाची बातमी आली. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी तयार केल्या, पूर्ण डोस मिळालेल्या बारा जणांपैकी दहा जणांचं इन्शुलिन वर्षभरात सुटलं. मी ते वाचताना खरंच हरखून गेले. या लोकांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि रुग्ण अजून मोजके आहेत, पण किती मोठी गोष्ट आहे! आणि यातल्या एकालाही नाळेच्या साठवलेल्या रक्ताची गरज पडलेली नाही.

आपल्या इथलंही थोडं सांगते, म्हणजे मूलपेशी म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे फक्त विक्रेते उभे राहणार नाहीत. २० मार्च १९८३ ला परळच्या टाटा इस्पितळात भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. नऊ वर्षांची मुलगी, ल्युकेमिया झालेली, आणि मगज तिच्या भावाचा. डॉक्टर होते सुरेश अडवाणी, लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअरवरून काम करणारे. ट्रान्सप्लांट म्हटलं की लोकांना वाटतं पोट फाडून काहीतरी बसवतात. तसं काही नसतं. आधी जबर औषधं देऊन रुग्णाचा जुना मगज रिकामा करतात, तो भाग फार कठीण. मग दात्याच्या मूलपेशी रक्तासारख्या पिशवीत येतात आणि नळीतून थेंब थेंब आत जातात. आणि त्या पेशी आपल्या आपण रक्तातून वाट काढत हाडांच्या आत जाऊन बसतात. मग दोन ते चार आठवडे रोज रक्त तपासायचं आणि पांढऱ्या पेशींचा आकडा वर सरकायची वाट बघायची. बाहेरची चप्पलसुद्धा त्या खोलीत जात नाही. आता आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींनीही हे करता येतं, म्हणून तर नाळेच्या रक्ताचा वापर मधल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर कमी झालाय. गरज पडली तर थॅलेसेमियाच्या मुलांच्या ट्रान्सप्लांटला कोल इंडियाच्या बाल सेवा योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळते. शेजारच्या वहिनींना मी हीच माहिती लिहून दिलीय.

आणि डोळ्यांचं ऐक, कारण हे थेट तुझ्या घराशी येऊन भिडतं. बुबुळाच्या कडेला मूलपेशींची एक बारीक पट्टी असते, ती बुबुळावरचं पारदर्शक आवरण सतत नवं करत राहते. डोळ्यात चुना गेला की ती पट्टी भाजून निघते, आणि बुबुळ पांढरं पडतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. विरेंदर सांगवान यांनी यावर एक साधी पद्धत काढली, २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात, त्याचे आठ-दहा कण करतात, आणि दुखावलेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पातळ पापुद्रा पसरून त्यावर ते कण चिकटवतात. हो, वारेबरोबर पडणारा, बाळाभोवतीचाच तो पापुद्रा. काही आठवड्यांत ते कण वाढून बुबुळ झाकतात. लहान मुलांच्या डोळ्यात हा चुना जातो कुठून, तर तंबाखूच्या चुन्याची प्लॅस्टिकची पुडी किंवा ट्यूब दाबून खेळताना. ती फुटते, आणि चिळकांडी सरळ डोळ्यात. तुझे सासरे पान खातात ना? बाळ रांगायला लागायच्या आत त्यांची चुन्याची डबी वरच्या फडताळात जायला हवी. त्यांना वाईट वाटलं तरी चालेल, पण सांग. आणि कधी झालंच तर डॉक्टरकडे पळायच्या आधी नळाखाली डोळा अर्धा तास धुवायचा, पापणी उचलून, आतले कण काढत. हे घरात सगळ्यांना पाठ पाहिजे.

तुझ्या नणंदेच्या मुलाबद्दल तू शेवटी भीत भीत लिहिलंयस, ते मी वाचलं. त्याला ऑटिझम आहे, आणि कुणीतरी त्यांना पाठीच्या कण्यात मूलपेशींची इंजेक्शनं घ्यायला सांगितलंय, काही लाखांचं पॅकेज. इथे मी जरा कडक बोलणार आहे, तुला नाही, त्या सांगणाऱ्याला. ऑटिझमवर उपचार म्हणून ही पद्धत मान्य नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळानेही तिची शिफारस करता येत नाही असंच म्हटलं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १८० मुलांवर नाळेच्या रक्ताची नीट चाचणी केली, २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. ज्या सुधारणेसाठी ती आखली होती ती दिसली नाही. खऱ्या संशोधनात असंच असतं बघ, आशा ठेवतात, तपासतात, आणि जमलं नाही तर सगळ्यांसमोर सांगतात.

नणंदेला दोनच प्रश्न विचारायला सांग. एक, हे उपचार आहेत की चाचणी? चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक द्या. दोन, चाचणी असेल तर पैसे कसले? संशोधनात भाग घेणाऱ्या मुलाच्या आईबापांकडून त्या इंजेक्शनाचे पैसे घेत नाहीत. एकच इंजेक्शन गुडघ्यालाही, मधुमेहालाही आणि ऑटिझमलाही चालतं असं कुणी म्हणालं, की उठून यायचं. पण हे तिला सांगताना सुरुवात तिच्या मुलापासून कर गं. ती थकलीय. तिला चुकीची ठरवून सोडू नकोस. त्या पैशात स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी कितीतरी महिने होईल, त्याला सोबत म्हणून आठवड्यातून एकदा तू नाही तर तुझा नवरा जाईल, असं काहीतरी हातात धरायला दे तिला.

आता तुला एवढं कळलंच आहे आणि बाळाच्या निमित्ताने मूलपेशींसाठी काही चांगलं करावंसं वाटत असेल, तर त्याचीही जागा आहे. तुझ्या नवऱ्याचं वय बत्तीस. १८ ते ५० मधल्या निरोगी माणसाला दात्री किंवा डीकेएमएससारख्या मूलपेशी-दात्यांच्या नोंदणी संस्थेत नाव घालता येतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एक अर्ज भरायचा, झालं. तुझी नोंद बाळंतपण आणि अंगावरचं पाजणं आटोपल्यावर कर, आत्ता नको. पेशी जुळतात त्या बहुधा आपल्याच भागातल्या, आपल्याच मुळांच्या माणसांशी, म्हणून यादीत मराठी माणसं जितकी जास्त तितकी एखाद्या मराठी मुलाला दाता मिळण्याची शक्यता जास्त. न्यू जर्सीतल्या तुझ्या भावालाही तिथल्या यादीत नाव घालायला सांग, इथल्या रुग्णासाठी तिथला दाता चालतो. खरंच कुणाशी जुळलं तर चार-पाच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात, अंग जरा ठणकतं, मग रक्तदानासारखं यंत्राजवळ तीन-चार तास बसायचं. एवढंच. लोक उत्साहाने नाव नोंदवतात आणि फोन आला की घरचे नको म्हणतात म्हणून मागे फिरतात. तोवर पलीकडच्या मुलाच्या आईला दाता सापडल्याचं कळलेलं असतं. म्हणून नवऱ्याला आधीच सासूबाईंशी बोलून घ्यायला सांग, आणि घर बदललंत की नवा पत्ता आणि नंबर त्या संस्थेला कळवायचं विसरू नका.